द्राक्षाचे खोके का बसतात? या चुका टाळा

पॅकहाऊसमध्ये कडक वाटणारा खोका कोल्ड स्टोरेजमध्ये गेला की मऊ पडतो आणि थप्पीतला खालचा थर बसतो. मग सगळे खोकेवाल्यावर खापर फोडतात. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातलं हे दुखणं बऱ्याचदा आपल्याच हाताळणीतून येतं.

पहिली चूक खरेदीतच होते. भाव ठरवताना फक्त बीएफ (बर्स्ट फॅक्टर) विचारला जातो. बीएफ सांगतो की कागद किती दाबाला फुटेल. थप्पीत खोका फुटत नाही, तो उभ्याउभ्या चेपतो. म्हणून कॉम्प्रेशन स्ट्रेंथ (वरून किती भार पेलेल ती ताकद) विचारा, आणि तीही दमट हवेतली. कोरड्या हवेतला आकडा ऐकून खूश होऊ नका.

कारण कागद म्हणजे सेल्युलोज तंतूंची जाळी. ओल शिरली की तंतू जाडीला फुगतात (लांबीला फारच थोडे) आणि त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल पडतात. फेब्रुवारी-मार्चच्या नाशिकच्या कोरड्या हवेत खोका ताठ असतो. द्राक्षाच्या शीतगृहात आर्द्रता 90 ते 95 टक्के असते आणि तिथे त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. एकदा चेपलेली पन्हळ (खोक्याच्या भिंतीतला नागमोडी कागद) वाळवली तरी पुन्हा उभी राहत नाही.

त्यात काळाचाही हिशेब आहे. भार तोच राहिला तरी कागद हळूहळू खचत जातो. आर्द्रता वरखाली होत राहिली तर आणखी लवकर, म्हणून शीतगृहाचं दार सताड उघडं ठेवून गाडी भरू नका. आज थप्पी सरळ उभी आहे एवढ्यावर आठवड्यांचा समुद्रप्रवास काढता येत नाही.

थप्पी लावताना गवंडी विटांची सांधेमोड करतो तशी खोक्यांची करू नका. खोक्याचा बहुतेक भार त्याचे चार कोपरे पेलतात, म्हणून कोपऱ्यावर कोपरा यायलाच हवा. पॅलेटच्या बाहेर खोका इंचभर लोंबला तरी कोपरे अधांतरी. हालू नये म्हणून थप्पीच्या कोपऱ्यांना अँगल (काटकोनी उभ्या पट्ट्या) लावा. पट्टी आवळताना मात्र कडा चेपेल इतका जोर नको.

नवे खोके घेताना एक कापून बघा: भार पेलणाऱ्या भिंतीत पन्हळी उभ्या हव्यात, आडव्या असतील तर परत पाठवा. हवेची भोकं कोपऱ्यांपासून लांब असावीत. कोरे गठ्ठे शेडच्या फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पॅलेट घाला. अवकाळीचा अंदाज असेल तर ताडपत्रीही.