अलिझेचे पंख, हॅरियरचं धड: १/७२ प्रमाणातलं काल्पनिक नौदल विमानाचं मॉडेल

दोन प्लास्टिक किट कापून-जोडून केलेलं विमान कल्पनेतलं असलं तरी त्याला काम नेमून द्या, म्हणजे काय कापायचं ते आपोआप ठरतं. इथे काम पाणबुड्या शोधण्याचं: सी हॅरियर या लढाऊ जेटसारखं जागच्या जागी उतरणारं, पण पाणबुडीविरोधी अलिझेसारखं समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालणारं. दोन्ही विमानं एके काळी गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल विमानतळावर होती. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जहाजावर जागा वाचवायला अलिझेच्या पंखाची घडी पडते तो सांधा नीट बघून या. किटमध्ये तिथे नुसती एक रेघ असते.

हॅरियरचे पंख धडालगत कापा, पाठीवरचा पट्टा राहू द्या. अलिझेचा पंख मुळाशी अरुंद आहे. त्याची सर्वांत जाड रेषा धडाच्या बाजूंवरच्या पुढच्या आणि मागच्या नॉझलांच्या (जेटचा झोत सोडणाऱ्या तोंडांच्या) मधोमध आणा, उरलेली फट १ मिमी प्लास्टिक कार्डाने (प्लास्टिकच्या पातळ पत्र्याने) भरा. धडातून आरपार १.५ मिमी पितळी सळई घाला. नुसत्या गोंदावर पंखांचा २१७ मिमीचा पसारा टिकत नाही.

खरी मेख चाकांत आहे. हॅरियरचे पंख सुमारे १२ अंश खाली झुकलेले असतात आणि टोकाची छोटी चाकं त्या हिशेबाने आखूड असतात. पंख सपाट लावलेत तर ती ९ मिमी अधांतरी लटकतात. पाय लांबवू नका, बगळ्यासारखे दिसतात. सळई दोन्हीकडे १२ अंश खाली वाकवा, घडीपर्यंतचा पंख झुकता ठेवा, बाहेरचा सपाट लावा आणि चाकं घडीच्या सांध्याखाली बसवा. कोनासाठी पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या; नजरेच्या अंदाजाने एक बाजू हमखास चुकते.

नाकात वजन हवंच. गळाला लावायचं शिसं म्हापशाच्या बाजारात मिळतं. सगळं टेपने जोडून मागच्या चाकांच्या जागी पट्टीच्या धारेवर तोला आणि नाक खाली झुकेपर्यंत शिसं वाढवा. ते एपॉक्सीनेच चिकटवा. पांढऱ्या गोंदातल्या आम्लाने शिसं गंजून फुगतं आणि पुढे कधीतरी धडाचा सांधा उकलतो.

रंग सुरुवातीच्या सी हॅरियरचा: खाली पांढरा, वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, म्हणजे गडद करडा. आधी पांढरा मारा. जून ते सप्टेंबर लॅकर वार्निश जपून वापरा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि गडद करड्यावर दुधाळ डाग उठतात. थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं मंदावणारं द्रावण) घाला, थर पातळ ठेवा. डाग उठलाच तर कोरड्या दिवशी त्यावर नुसता रिटार्डर-मिश्रित थिनर हलकेच फवारला की बहुतेक वेळा निघतो.

शेपटीवर सी हॅरियरवाल्या ३०० स्क्वॉड्रनचा पांढरा वाघ दिसायला झकास, पण काम पाणबुड्या शोधण्याचं, तेव्हा मान अलिझेवाल्या ३१० स्क्वॉड्रनच्या नागाचा.