लग्नाची नोंद होत नाही तोवर समलिंगी जोडप्यांनी करून ठेवायचे कागद

थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नं नोंदली जातात. भारतात मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय संसदेवर सोडला. परदेशात लग्न केलं तरी इथे त्याने वारसाहक्क मिळत नाही. म्हणून कागद आजच करा.

सर्वांत आधी मृत्युपत्र. ते नसेल तर तुमच्या नावावरचं सगळं रक्ताच्या नातेवाइकांकडे जातं, मग संसार कितीही वर्षांचा असो. साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. जोडीदाराला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्याच. घरचे विरोधात असतील तर तिचा आधार होतो.

बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनीही करता येतं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. शाखेने नकार दिला तर लेखी कारण मागा. इथे बरेच जण फसतात: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याच्या हाती आलेल्या पैशावर वारस दावा करू शकतात. त्यामुळे प्रत्येक खातं मृत्युपत्रातही लिहा.

पीएफचं वेगळं आहे. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर जोडीदाराचं नामांकन बाद ठरतं.

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साध्या कागदावर सही करून जोडीदाराला प्रतिनिधी नेमता येतं.