तगडा संघ आपटला कसा? निदान करताना या चुका टाळा

मोठा आइस हॉकी संघ लवकर बाहेर पडला की निदान ठरलेलंच असतं: गोलरक्षक ढिला पडला, नाहीतर पोरं मनापासून खेळलीच नाहीत. ही पहिली चूक. आधी निकाल नीट वाचा.

२००६ च्या तूरिन ऑलिंपिकमधला कॅनडाचा संघ घ्या. आधीच्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, सगळे खेळाडू एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले, आणि क्रमांक सातवा! स्वित्झर्लंडकडून ०-२, फिनलंडकडून ०-२, उपांत्यपूर्व फेरीत रशियाकडूनही ०-२. आता दुसरी बाजू पाहा. सहा सामन्यांत एकाही प्रतिस्पर्ध्याला दोनपेक्षा जास्त गोल करता आले नाहीत. म्हणजे बचाव ठीकच होता, दुखणं होतं पुढच्या फळीत.

मग खापर नशिबावर फुटतं, ही दुसरी चूक. स्विस गोलरक्षक मार्टिन गर्बरनं त्या दिवशी ४९ फटके अडवले, त्याला काय करणार? पण फटके किती मारले यापेक्षा कुठून मारले, हे विचारा. एनएचएलचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, सुमारे २६ मीटर रुंद, तूरिनचं ३०. चार मीटर कागदावर किरकोळ वाटतात. बर्फावर मात्र पक (खेळातली रबरी चकती) कोपऱ्यात ढकलून मागून धडकायचं म्हटलं, तर तिथे पोचेपर्यंत बचावपटू पास देऊन मोकळा झालेला असतो. कडेनं मारलेला फटकाही लांबून आणि वाईट कोनातून येतो. अंगापिंडानं दांडग्या खेळाडूंपेक्षा इथे चपळ पाय लागतात.

तिसरी चूक माझ्या मते सगळ्यात महागडी: कालच्या पुण्याईवर आजची निवड. १८ वर्षांच्या सिडनी क्रॉस्बीला वगळलं. त्या एनएचएल हंगामात त्यानं १०२ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवले. हंगाम संपल्यावर हे बोलणं सोपं आहे, मान्य. पण ज्या रशियानं कॅनडाला घरी पाठवलं, त्यांच्याकडे २० वर्षांचा ओवेच्किन आणि १९ वर्षांचा माल्किन होता. कोंडी फोडणारा गोल ओवेच्किननंच केला, तोही पॉवर प्लेमध्ये, म्हणजे कॅनडाचा एक खेळाडू कमी असताना. कॅनडाचा टॉड बर्टुझी तेव्हा नियमभंगामुळे शिक्षेच्या बाकावर होता.

त्यावरून सगळा दोष बर्टुझीच्या माथी मारणं ही आणखी एक चूक. त्याची शिक्षा अनावश्यक होती, पण ६० मिनिटांत एकही गोल न होणं एकट्याचं पाप नसतं.

रिंकचं कारण मात्र बेतानं वापरा. २०१० मध्ये व्हँकुव्हरला रिंक एनएचएलच्या मापाचं होतं आणि अंतिम सामन्यात कॅनडाला सुवर्ण मिळवून देणारा गोल क्रॉस्बीचा. त्यामुळे २००६ चा रोग निवडीचा होता की रिंकचा, हे सुटं करता येत नाही. २०१४ ला सोचीत पुन्हा रुंद बर्फ. कॅनडानं सहा सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले आणि सुवर्ण नेलं. उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध त्यांना गोल एकच करता आला, पण तेवढा पुरला.