गेमवाल्या इंडी आयशॅडोचा रिव्ह्यू लिहिताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

मागच्याच्या मागच्या मे महिन्यात मी एका निळ्या शेडला पाचपैकी पाच दिले होते. शेड होती हॉलो नाइट या व्हिडिओ गेममधल्या सिटी ऑफ टिअर्सवरून केलेली, म्हणजे ते जमिनीखालचं शहर जिथं पाऊस कधी थांबतच नाही. आता जळगावात बाहेर ४४ डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि माझ्या हातात त्या पावसाचं नाव लिहिलेली बारकी डबी, मग पाच नाही देणार तर काय! डिसेंबरात तीच शेड लग्नाला लावली तेव्हा कळलं की बाई ही तर पापणीवर ठिगळं ठिगळं बसते, ब्लेंड करायला गेलं की मधोमध टक्कल पडतं, आणि निळा म्हणून जो काय आहे तो लांबून राखाडीच दिसतो. मी पावडरचा रिव्ह्यू केलाच नव्हता, मी गेमचा केला होता.

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात, म्हणून आधी हिच्यावरच बोलते. इंडी मेकअपवाले म्हणजे एकदोन माणसं घरच्या घरी छोट्या बॅचमध्ये शेड बनवणार, आणि त्यातल्या कित्येक जणी स्वतःच गेम खेळणाऱ्या, त्यामुळे नाव, लेबलवरचं चित्र, सोबतचं कार्ड हे सगळं इतकं गोड असतं की डबी उघडायच्या आधीच आपण विकले गेलेलो असतो. हॉलो नाइटसुद्धा २०१७ ची, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी नावाच्या छोट्याशा टीमची गेम, म्हणजे दोन्हीकडून इंडी, मग तर अजूनच प्रेम उतू जातं. मी आता असं करते की डबी आली की पहिला स्वॉच, म्हणजे हातावर ओढलेला रंगाचा पट्टा, दुसऱ्या कोणाला तरी नाव न सांगता दाखवते. आमच्या वहिनीनं आयुष्यात गेम खेळलेली नाही, ती सरळ सांगते, "ताई, हे छान आहे," नाहीतर "हे शाळेतल्या खडूसारखं दिसतंय." तिचं मत आधी वहीत लिहायचं आणि मग आपलं.

पण उलटी चूकही करू नका. गेम न खेळता "नावाशी काही संबंध वाटत नाही" असं ठोकून देणाऱ्याही असतात. सेलेस्ट नावाची २०१८ ची गेम आहे, त्यातल्या मॅडेलीनचे केस लाल असतात आणि तिनं हवेत डॅश (झपकन झेप) मारला की निळे होतात. समजा कुणी तिच्या नावावर लाल-निळी शिफ्ट होणारी, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणारी शेड काढली, तर त्यामागं विचार आहे ना, तो वाचणाऱ्याला एका ओळीत सांगा. आणि मग तपासा की ती शिफ्ट खरंच दिसते का नुसती नावातच आहे.

अजून एक, मोबाईलवर गेमचा स्क्रीनशॉट उघडून शेजारी डबी धरून "रंग मॅच नाही" म्हणणं बंद करा प्लीज. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, पावडर फक्त पडलेला उजेड परत पाठवते. झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड या गेममध्ये ती श्राइन्स (छोटी देवळं) आधी केशरी चमकतात आणि चालू केली की निळी होतात, तो चमकता निळा कुठल्याच पावडरीत येणार नाही, कारण तो दिव्याचा निळा आहे. रंगाची जात जुळते का एवढंच बघायचं, थंड निळा का हिरवट निळा, मळका केशरी का झगझगीत.

आता उजेड. इथं निम्मे रिव्ह्यू झोपतात.

डुओक्रोम, मल्टिक्रोम (म्हणजे दोन किंवा जास्त रंगांत शिफ्ट होणाऱ्या) शेड कशा चालतात ते एकदा समजून घेतलं की फोटो कसा काढायचा ते आपोआप कळतं. साधारणपणे अभ्रकाच्या बारीक चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. थर पातळ असला की चंदेरी दिसतं, जाड करत गेलं की सोनेरी, मग लाल, मग निळा, मग हिरवा. म्हणजे त्या चमकेत रंग घातलेला नसतोच, थराच्या वरून आणि खालून परत येणाऱ्या उजेडाच्या भांडणातून तो तयार होतो. पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यावर जसे जांभळे-हिरवे पट्टे दिसतात ना, सेम तेच. म्हणून कोन बदलला की रंग बदलतो, आणि म्हणून एकाच फोटोत अशी शेड कधीच पकडता येत नाही. तुम्ही एकच फोटो टाकून "शिफ्ट काही खास नाही" लिहिलंत तर ती तुमच्या फोटोची शिफ्ट आहे, शेडची नाही.

मी तीन ठिकाणी बघते. सकाळी आठच्या आत ओट्यावर सावलीत, मग घरात ट्यूबलाइटखाली, आणि मग पिवळ्या बल्बखाली, कारण आपल्याकडे हे लावून जायचं कुठं, तर लग्नात, आणि मंगल कार्यालयात तो पिवळा झगमगाट असतोच. दुपारी बाराच्या उन्हात स्वॉच काढू नका, आपल्या खानदेशच्या त्या उन्हात भिंतीचा चुनासुद्धा शिमर वाटतो. मोबाईलचा ब्युटी मोड बंद, आणि हाताशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागद फोटोत पिवळा नाहीतर निळा दिसला तर समजायचं फोनने रंग खाल्ला, तो फोटो बाद. छोटा व्हिडिओ काढून मनगट हळूहळू फिरवलेलं सगळ्यात भारी.

उजेडावरूनच आठवलं, मी एकदा याच नादात गच्चीवर लूज पिगमेंटची (सुट्या रंगीत पावडरीची) डबी उघडली. एप्रिल संपत आलेला, आईनं आणि आजीनं साड्या अंथरून ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले. मी झाकण काढलं, जाळीवरचं स्टिकर ओढलं, आणि गरम हवेची एक झुळूक आली फक्त. शेवाळी हिरवी, सोनेरी शिफ्टवाली, जवळजवळ निम्मी डबी बिबड्यांवर. आजी माझी धुळ्याकडची, तिनं एक बिबडा उचलून उन्हात तिरपा करून बघितला आणि म्हणाली, "हाई काय पडनं व माय?" (शिफ्ट मात्र काय दिसत होती त्या बिबड्यांवर, खोटं नाही सांगत.) सगळे टाकून द्यावे लागले आणि तो उन्हाळा मी ऐकत बसले. तर लूज डबी उघडताना पंखा बंद, कूलर बंद, खाली पेपर, आधी डबी टेबलावर दोनतीनदा टकटक आपटून मगच झाकण काढायचं, आणि स्टिकर पूर्ण न काढता एका कोपऱ्यातली दोनतीन भोकंच उघडी करायची. डोळे आधी आणि फाउंडेशन नंतर, म्हणजे गालावर सांडलेलं पुसता येतं. आणि "फॉलआउट खूप" (म्हणजे पावडर खाली सांडते) असं लिहायच्या आधी स्वतःला विचारा की ब्रश कोरडा फिरवला होता का. लूज शिमर कोरड्या ब्रशने घासला तर सांडणारच, तो बोटाने नाहीतर चपट्या ओलसर ब्रशने दाबून बसवायचा असतो. ब्रश ओला करायचा, डबीत पाणी घालायचं नाही, पाणी गेलं की बुरशीला आमंत्रण.

स्वॉच कशावर काढला ते न लिहिणं ही पण कॉमन चूक. मी हातावर चार पट्टे ओढते, एक नुसत्या कातडीवर, एक प्राइमरवर (शेड टिकावी म्हणून आधी लावायचा थर), एक चिकट बेसवर आणि एक काळ्या पेन्सिलवर. मल्टिक्रोम काळ्यावर जो उठतो तो बाकी तिघांवर उठत नाही, आणि ब्रँडच्या फोटोत बहुतेक वेळा तोच पट्टा असतो. ग्लिटरचा बेस म्हणून इंडी मेकअपवाल्यांमध्ये फिरिने या ब्रँडचा पिक्सी एपॉक्सी फार जुना नावाजलेला, पण आपल्याकडे सगळ्यांकडे तो असणार नाही, म्हणून साधा प्राइमर लावूनही काय होतं ते सांगाच. आणि हाताचा स्वॉच म्हणजे डोळा नव्हे, पापणी घडी पडणारी, तेलकट जागा आहे.

यातच आपल्या रंगाचा मुद्दा येतो. बाहेरच्या गोऱ्या हातावरचे रिव्ह्यू वाचून मागवलं की दोन गोष्टी उलट्या होतात. ज्या शेडचा बेस पारदर्शक असतो आणि नुसती चमक रंगीत, ती गोऱ्या कातडीवर जेमतेम दिसते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या पापणीवर मस्त उठते. आणि फिकट मॅट (बिनचमकीचे), त्यात पांढरा जास्त असतो, ते आपल्यावर भस्म फासल्यासारखे दिसतात. तर तुमच्या रिव्ह्यूत तुमच्या कातडीचा रंग आलाच पाहिजे, आणि हातावर फेअरनेसवाला फिल्टर तर मुळीच नको, मग कशाला लिहायचं.

आता उन्हाळा. "दोन तासात क्रीज झाली" (म्हणजे पापणीच्या घडीत गोळा झाली) असं मी एका शेडबद्दल लिहिलं होतं आणि त्याच शेडनं थंडीत सात तास काढले. चूक कोणाची? मे महिन्यात भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर माणूसच क्रीज होतो. त्यामुळे टिकण्याची गोष्ट लिहिताना महिना, साधारण तापमान, आणि तुम्ही कूलरमध्ये होता, एसीत का स्कूटीवर, हे लिहा. कूलरची हवा दमट असते हे आपण विसरतो, चिकट बेस त्यात सुकतच नाही. उन्हाळ्यात क्रीज होत असेल तर आधी पापणीचं तेल टिपून घ्या, प्राइमर अगदी पातळ, मिनिटभर थांबा, वर कातडीच्या रंगाची मॅट पावडर हलकीशी, आणि चिकट बेस फक्त जिथं शिमर लावायचाय तिथंच. एवढं करूनही सरकली तर मग शेडला बोला. प्रेस्ड पॅन, म्हणजे दाबून बसवलेली शेड, स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका, त्यात बाइंडरचं (पावडर धरून ठेवणारं) तेल असतं, आणि भट्टीत ठेवून वर "टेक्स्चर बिघडलं" म्हणायचं हे काही बरोबर नाही.

घटक वाचायचा कंटाळा येतो, मला पण येतो, पण डोळ्याचं काम आहे. अमेरिकेत कुठला रंग डोळ्याभोवती वापरायचा याची एफडीए या सरकारी संस्थेची वेगळी यादी आहे. आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन, मँगनीज व्हायोलेट, अभ्रक हे त्यात बसतात, पण भडक गुलाबी-जांभळ्यासाठी लागणारे रेड ७, रेड २८ असले डाय नाही बसत, युरोपात मात्र ते चालतात. म्हणून कित्येक पॅलेटवर आयशॅडो न लिहिता "प्रेस्ड पिगमेंट" लिहिलेलं असतं, ते स्टाइल म्हणून नाही. गेमच्या निऑन शेड नेमक्या याच गटात येतात. पुसल्यावर पापणी गुलाबी राहिली पण खाज नाही, सूज नाही, तर तो डाय चढलाय, एकदोन दिवसात जाईल, रिव्ह्यूत "डाग राहतो" लिहा. खाज, सूज, पाणी येत असेल तर लगेच धुवा, परत लावून बघायचा शूरपणा नको, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एकदोन दिवस वाट बघा.

लाल शेडमध्ये कार्माइन असेल, म्हणजे यादीत सीआय ७५४७०, तर तो कोचिनील किड्यांपासून बनतो. जळगावात माझ्या निम्म्या मैत्रिणी जैन आहेत, एकीनं ते लावून झाल्यावर मला विचारलं तेव्हा मला कुठं लपू झालं होतं. आता ती ओळ मी सगळ्यात वर लिहिते. आपल्याकडच्या नियमांत कॉस्मेटिकच्या रंगात शिसं २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर चालत नाही, आणि डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, वापरायची मुदत असायला हवी. हे नसेल तर तसं लिहा, लाजू नका. आणि हस्तकलेच्या दुकानात रेझिन आर्टसाठी जी स्वस्त मोती पावडर मिळते ती "डिट्टो तीच शेड" म्हणून डोळ्याला लावायला कुणालाही सांगू नका, ती डोळ्यासाठी तपासलेली नसते. दिसायला डिट्टो असू शकते हे मात्र खरं, कारण काही ब्रँड घाऊक मिळणारा मायका (अभ्रकाची चमकती पावडर) फक्त डबीत भरून वर गेमचं नाव चिकटवतात. म्हणून "असा रंग जगात नाही" हे वाक्य जपून.

फुकट मिळालेलं असेल तर पहिल्या ओळीत सांगा, एवढंच.

राहिला फुटून आलेला पॅन. कुरिअरने येताना मल्टिक्रोम हमखास फुटतात. चुरा कुस्करून पीठ करू नका, चकत्या मोडल्या की चमक गेली. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, चुऱ्यात थोडे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, वर टिश्यू किंवा सुती फडकं ठेवून नाण्याने सावकाश दाबा, गॅसपासून लांब, आणि दिवसभर उघडं वाळू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय डोळ्याला लावू नका, झोंबेल. दाबलेला पॅन मूळच्यापेक्षा कडक होतो, त्यामुळे त्याच्यावरून टेक्स्चरचे मार्क कापायचे नाहीत, फक्त "फुटून आला, मी परत दाबलाय" असं लिहायचं आणि फुटलेल्याचा फोटो दाबायच्या आधीच काढून ठेवायचा, कारण ब्रँडला बदली मागताना तोच लागतो आणि मी दोनदा विसरलेय.