स्कॉटलंडवर विकिपीडियात लिहिताय? या चुका टाळा

मराठी विकिपीडियावर मी स्कॉटलंडविषयीचे लेख तपासायला लागले ते ग्रँट डफमुळे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ आपल्याकडे शाळेपासून ओळखीचा. सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी तो रेसिडेंट होता आणि त्याचा ग्रंथ १८२६ साली छापून आला. त्याच्याबद्दल लिहिताना मीसुद्धा बिनदिक्कत ‘इंग्रज इतिहासकार’ असं लिहून मोकळी झाले होते. चर्चा पानावर एका जुन्या संपादकांनी एवढंच विचारलं, “त्याचं जन्मगाव पाहिलंत का?” पाहिलं. बॅन्फ. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं छोटं गाव. म्हणजे ग्रँट डफ इंग्रज नव्हताच.

मग एकेक नाव काढत गेले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डंबार्टनशायरचा. त्याच्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम लँगहोमजवळचा. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन लॉडर गावचे. सगळे स्कॉटिश, आणि आपल्या लेखांत सगळे ‘इंग्रज’.

बोलताना आपण ‘इंग्रजांचं राज्य’ म्हणतो, त्यात गैर काही नाही. मराठीत तो शब्द साऱ्या गोऱ्या सत्तेसाठीच रुळलाय. पण ज्ञानकोशातल्या लेखाची पहिली ओळ ही माणसाची ओळख असते, तिथे ‘स्कॉटिश’ असंच हवं. १७०७ च्या आधीच्या माणसाला तर ‘ब्रिटिश’ही म्हणू नका. लॉगॅरिदम मांडणारा जॉन नेपियर १६१७ साली वारला, तेव्हा ग्रेट ब्रिटन नावाचं राज्यच नव्हतं. १६०३ साली दोन्ही देशांचा राजा एक झाला, पण राज्यं वेगळीच राहिली. ती एक झाली १ मे १७०७ ला. (१ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन, आणि मराठी विकिपीडियाही २००३ साली त्याच तारखेला सुरू झाला. मला तरी ती तारीख यामुळेच पाठ झाली.)

हाच गोंधळ विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या माहितीच्या सामायिक कोठारात, उलटा होतो. आजच्या एखाद्या स्कॉटिश गावाच्या नोंदीत ‘देश’ या रकान्यात उत्साहाने ‘स्कॉटलंड’ भरलं जातं. तिथे ‘युनायटेड किंग्डम’ हवं. स्कॉटलंड प्रशासकीय विभागांच्या साखळीत वर येतं. तुम्ही भरलेली नोंद कोणी उलटवली असेल, तर बहुधा कारण हेच असतं.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

सगळ्यात जास्त चुका मला इथे सापडल्या. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, चर्च वेगळं, आणि इंग्रजी दिसणारे कितीतरी शब्द तिथे निराळ्या अर्थाने वापरतात. भाषांतर करणारं यंत्र तर फसतंच, घाईतला माणूसही फसतो.

‘कोर्ट ऑफ सेशन’ घ्या. आपल्या डोक्यात लगेच सत्र न्यायालय येतं, खुनाचे खटले चालतात ते. स्कॉटलंडचं कोर्ट ऑफ सेशन हे १५३२ साली स्थापन झालेलं तिथलं सर्वोच्च दिवाणी न्यायालय आहे. फौजदारी खटल्यांशी त्याचा संबंध नाही. याचा अर्थ चुकला की अख्खी गोष्ट चुकते. १८६९ साली एडिनबरा विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणी वैद्यकशास्त्र शिकायला दाखल झाल्या. ब्रिटनमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या या पहिल्या स्त्रिया. १८७० च्या नोव्हेंबरात परीक्षेला जाताना सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांची वाट अडवली, चिखल फेकला. विद्यापीठाने पुढे पदवी नाकारली आणि १८७३ साली कोर्ट ऑफ सेशनने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. आता तिथे ‘सत्र न्यायालय’ लिहिलं, तर वाचकाला वाटणार की निकाल एखाद्या खालच्या जिल्हा न्यायालयाने दिला, किंवा या मुलींवर फौजदारी खटला झाला. दोन्ही खोटं. याच जेक्स-ब्लेकने १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि आपल्या रखमाबाई तिथेच शिकल्या. एका शब्दाच्या चुकीने रखमाबाईंच्या वाटेचा पहिला टप्पाच धूसर होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘शेरीफ’ म्हणजे मुंबईचा नगरपाल नव्हे आणि सिनेमातला बंदूकवाला तर नव्हेच. स्कॉटलंडमध्ये शेरीफ हा न्यायाधीश असतो. ‘प्रोव्होस्ट’ हा नगराचा प्रमुख. ‘रायटर टू द सिग्नेट’ म्हणजे वकील. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचे वडील असे वकील होते, आणि ‘ते लेखक होते’ असं त्यांच्याबद्दल लिहिलं की मुलाला लेखनाचा वारसा घरातूनच मिळाला अशी एक खोटी कथा आपोआप तयार होते.

चर्चमधला ‘मिनिस्टर’ मंत्री नसतो, धर्मोपदेशक असतो. ‘मॅन्स’ हे त्याचं राहण्याचं घर. चर्च ऑफ स्कॉटलंड हे प्रेस्बिटेरियन चर्च, त्यात बिशप नसतात आणि राजा त्याचा प्रमुखही नसतो. १८४३ साली या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं. जॉन विल्सन फ्री चर्चबरोबर गेले. त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल लिहिताना १८४३ च्या आधीचं की नंतरचं हे पाहिल्याशिवाय चर्चचं नाव टाकू नका.

गावांच्या नावांतही असंच. नॉर्थ बेरिक लॉ, डंडी लॉ यांतला ‘लॉ’ म्हणजे टेकडी. मी ‘कायदा’ असं भाषांतर झालेलं डोळ्यांनी पाहिलंय. काउगेट, ट्रॉनगेट यांतला ‘गेट’ म्हणजे रस्ता. तो जुन्या नॉर्स भाषेतून आलाय, वेशीशी त्याचा संबंध नाही. आणि गोल्फच्या लेखातले ‘लिंक्स’ म्हणजे समुद्रकाठची वाळूची, गवताळ जमीन. यंत्राने तिथे ‘दुवे’ लिहिलेले असतील तर ते काढा.

यंत्राने लिहिलेला लेख आणि २०२० चा धडा

स्कॉटलंडमध्ये तीन भाषा आहेत: इंग्रजी, स्कॉट्स आणि गेलिक. स्कॉट्स ही इंग्रजीची जवळची नातलग. गेलिक केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं, गेलिक बोलणारे होते सुमारे ५७ हजार. रॉबर्ट बर्न्सच्या लेखात ‘इंग्रजीच्या बोलीभाषेत कविता लिहिल्या’ असं लिहू नका. त्याने स्कॉट्समध्ये लिहिलं. आपली भाषा कोणी ‘बोली’ म्हणून बाजूला सारली की कसं वाटतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

या स्कॉट्स भाषेचा स्वतंत्र विकिपीडिया आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की तिथले वीस हजारांहून जास्त लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते आणि त्याला स्कॉट्स येतच नव्हती. त्याने सुरुवात केली तेव्हा तो १२ वर्षांचा होता. इंग्रजी वाक्य घ्यायचं, ऑनलाइन कोशात पाहून एकेक शब्द बदलायचा, अशी त्याची पद्धत. हेतू वाईट नव्हता. पण स्कॉट्स ही स्वतंत्र भाषा नाही, इंग्रजीच वाकडी लिहिलेली आहे, असं म्हणणाऱ्यांच्या हातात त्याने सात वर्षं पुरावा दिला. नंतर स्कॉट्स बोलणारी माणसं एकत्र बसून लेख तपासू लागली. कितीतरी लेख दुरुस्त करण्यापेक्षा काढून टाकणंच बरं ठरलं.

हे आपल्या दारातलं संकट आहे. विकिपीडियाचं आशय भाषांतराचं साधन उघडलं की मराठी परिच्छेद क्षणात समोर येतो, आणि दिवसाला दहा लेख करण्याचा मोह होतो. जॉन विल्सन यांच्याबद्दल अशा साधनातून येणारं वाक्य साधारण असं असतं:

‘जॉन विल्सन हे एक स्कॉटिश ख्रिश्चन मंत्री आणि शिक्षक होते जे बॉम्बेमधील विल्सन कॉलेजची स्थापना करण्यासाठी ओळखले जातात.’

मराठी माणूस असं लिहितो का? तो लिहील: ‘जॉन विल्सन (१८०४–१८७५) हे मुंबईत काम केलेले स्कॉटिश मिशनरी. ते १८२९ साली मुंबईत आले. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले.’ वाक्यं तुटली, माहिती वाढली, ‘मंत्री’ गेला. ‘होते जे’, ‘साठी ओळखले जातात’ आणि ‘द्वारे’ हे तीन शब्दप्रयोग लेखात शोधा. ते जिथे सापडतील तिथे वाक्य मोडून नव्याने लिहा.

आणि भाषांतर केलंत तर बदलांच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या. विकिपीडियाचा मजकूर मोफत असला तरी मूळ लेखकांचं श्रेय देणं ही परवान्याची अट आहे. ते राहून गेलं असेल तर पान काढावं लागत नाही. पुढच्या संपादनाच्या सारांशात किंवा चर्चा पानावर नोंद केली की झालं.

उच्चार

एडिनबर्ग नव्हे, एडिनबरा. आयला हे बेट ‘इस्ले’ असं लिहिलेलं मी तीन ठिकाणी दुरुस्त केलं. ग्लासगोजवळचं मलगाय (Milngavie) आणि दक्षिणेतलं कर्कूब्री (Kirkcudbright) ही गावं रोमन अक्षरांवरून वाचली तर हमखास चुकतात. कलेन (Culzean) किल्ल्याच्या आणि मिंगिस (Menzies) आडनावाच्या स्पेलिंगमध्ये ‘झेड’ दिसतो, पण तो मुळात झेड नाही. जुन्या स्कॉट्समध्ये ‘योख’ नावाचं एक अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नव्हता, म्हणून मुद्रकांनी दिसायला जवळचा झेड वापरला, आणि तो राहिला.

एका बाबतीत मात्र देवनागरी आपल्याला साथ देते. तळ्याला तिथे ‘लॉख’ म्हणतात, शेवटी घशातला ख. इंग्रज ‘लॉक’ म्हणतात. आपल्याकडे ख आहे, तर लॉखच लिहा. आणि चुकीची पण प्रचलित रूपं वाऱ्यावर सोडू नका: ‘एडिनबर्ग’ शोधणारा वाचक एडिनबरावर पोचला पाहिजे, त्यासाठी पुनर्निर्देशन करा.

जिल्हा कोणता लिहायचा?

बॅन्फकडेच परत येऊ. ग्रँट डफ जन्मला तेव्हा ते बॅन्फशायर काउंटीत होतं. १९७५ साली काउंट्या गेल्या, ते ग्रॅम्पियन रीजनमध्ये आलं. १९९६ पासून स्कॉटलंडचे ३२ कौन्सिल विभाग झाले, बॅन्फ आता अ‍ॅबर्डीनशायरमध्ये. तीन संदर्भांत तीन नावं सापडतील आणि तिन्ही आपापल्या काळात बरोबर. डहाणूत १९५० साली जन्मलेला माणूस ठाणे जिल्ह्यातला, आज डहाणू पालघर जिल्ह्यात, तसंच हे. जन्मस्थळापुढे त्या काळची काउंटी लिहा, गावाच्या लेखात आजचा विभाग.

तारखांचंही तसंच. स्कॉटलंडने १६०० सालीच १ जानेवारीला नवं वर्ष धरायला सुरुवात केली. इंग्लंड १७५२ पर्यंत २५ मार्चला धरत होतं. त्यामुळे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद इंग्लंडच्या जुन्या कागदांत जानेवारी १६४८ मध्ये, तर आजच्या हिशेबाने १६४९ मध्ये. शक संवतात साधारण ७८ मिळवायचे, पण फाल्गुनात ७९. शके १५५१ च्या फाल्गुनातला शिवजन्म म्हणूनच १६३० साली येतो. हे ज्याला कळतं त्याला स्कॉटिश तारखाही अवघड जाणार नाहीत.

संदर्भ कुठून घ्यायचे

टार्टन, म्हणजे चौकटींचं स्कॉटिश कापड, विकणाऱ्या दुकानांच्या साइटवरून कुळांचा इतिहास घेऊ नका. ‘आमच्या कुळाचं हजार वर्षांचं टार्टन’ या गोष्टींपैकी बऱ्याच १८४२ साली दोन भावांनी छापलेल्या एका पुस्तकावर उभ्या आहेत, आणि ज्या जुन्या हस्तलिखिताचा त्यांनी हवाला दिला ते बनावट ठरलं. गावाबद्दल लिहायचं असेल तर १७९० च्या दशकातले ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’ पाहा. सर जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) धर्मोपदेशकाकडून पिकं, शाळा, लोकसंख्या, मजुरी यांची माहिती मागवली होती. ती ऑनलाइन वाचता येते, आणि वाचताना आपल्या जुन्या गॅझेटियरांची आठवण येते.

इमारतींसाठी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडच्या नोंदी आहेत. वर्गवारी ए, बी, सी अशी. ‘ग्रेड वन’ इंग्लंडची, ती इथे आणू नका. जुन्या लेखांतले ‘कॅनमोर’ या जुन्या वास्तूंच्या नोंदींच्या संकेतस्थळाचे दुवे उघडत नसतील तर घाबरून संदर्भच काढू नका. ते संकेतस्थळ २०२५ मध्ये बंद होऊन ‘ट्रोव्ह स्कॉट’ने त्याची जागा घेतली. तिथे त्याच ठिकाणाचं नाव शोधा, नाहीतर इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी प्रत जोडा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. १५६३ ते १७३६ या काळात स्कॉटलंडमध्ये चेटकाविरोधी कायदा होता. आरोप झालेल्या ३,८०० हून अधिक लोकांची नोंद एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधनात झाली, आणि त्यांची गावं विकिडेटाच्या आधारे २०१९ साली नकाशावर आली. त्यांत बहुतांश बायका. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘चेटकीण होती’ असं लिहू नका. ‘चेटूक केल्याचा आरोप ठेवला गेला’ असं लिहा. छळ करून घेतलेला कबुलीजबाब हा तिचा परिचय होऊ शकत नाही.

फोटो उडाला, साचा लागला

ग्लासगोच्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो कॉमन्सवरून (विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यातून) काढले जातात, कारण ब्रिटनच्या कायद्यात रस्त्यावरच्या इमारती आणि पुतळ्यांच्या फोटोला सूट आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही. त्याऐवजी जिओग्राफ या संकेतस्थळावरचे खुल्या परवान्याचे फोटो पाहा, गावोगावचे मिळतात.

लेखावर ‘संदर्भ हवा’चा साचा (सूचनेची तयार पाटी) लागला, तर तो काढून टाकू नका. ज्या वाक्याला लागलाय त्याचा एक पक्का स्रोत शोधा, तो जोडा, मग काढा. पान काढण्याची सूचना लागली तर चर्चा पानावर दोन स्वतंत्र स्रोत मांडा आणि मजकूर धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) हलवून तिथे नीट करा. अडलात तर चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा. ग्रँट डफचं जन्मगाव विचारणारे ते जुने संपादक मला तिथेच पुन्हा भेटले. या लेखातली निम्मी उच्चारांची यादी त्यांनी तपासून दिली आहे.