नौपाड्यातलं काकांचं घर म्युझियम करताना

आधी एक सांगते, आमच्या काकांसारखा कलाकार गेल्यावर लगेच त्याचं घर आवरायला घेऊ नका!! आमच्याकडे न्हाणीघरात रंगाचे डबे, फ्रीजवर मुखवटे, जिन्याखाली तुटक्या सायकली असं सगळं होतं आणि तो पसारा हेच खरं त्यांचं काम. म्हणून प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे फोटो काढा, मग वस्तूला नंबर, मग वहीत नोंद, कुठे होती, कशाची, किती तुटलीय, हे झाल्याशिवाय एक ब्रशसुद्धा हलवायचा नाही.

ठाण्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागतेच. आर्द्रता साधारण 50 टक्के ठेवा, चित्रं बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, त्याने कागद कायमचा जातो.

कागदपत्रांचं म्हणाल तर वारसांची लेखी संमती, 1950 च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे म्युझियमच्या ट्रस्टची नोंदणी, आणि फ्लॅट असेल तर सोसायटीशी आधीच बोला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र निघालं तर 1972 चा पुरावशेष कायदा लागतो, नोंदणी करून घ्या.

सुरुवातीला फक्त रविवारी उघडा, एका वेळी आठ-दहाच माणसं. आणि काकांची खुर्ची खिडकीपाशीच राहू द्या.