छप्पर उघडण्याआधी ढगाचा हिशेब

मे सरत आला की उदगीर भागात सगळ्यांनाच आखाड्यावरचे, म्हणजे शेतातल्या गोठ्या-घरावरचे, पत्रे बदलायचे असतात. वर्षभर गळकं छप्पर चालतं, मृग आठ दिवसांवर आला की मिस्त्रीला फोन. आणि वळवाचा नेमका हाच काळ.

तीन वर्षांखाली एका गोठ्याचे २४ पत्रे मी सकाळीच उतरवले. आभाळ निरभ्र होतं. चार वाजता मावळतीकडून धूळ उठली. साडेतीन फूट रुंद, बारा फूट लांब पत्रा म्हणजे ४२ चौरस फुटांचं शीडच! तीन पत्रे शेजारच्या उसात सापडले, कडबा भिजला तो वेगळाच.

तेव्हापासून आधी माणसांचा हिशेब करतो. माझी चार माणसं आठ पत्रे हुक आवळून पक्के करायला ४० मिनिटं घेतात. म्हणून एका वेळी आठच उघडायचे. मालक घाई करतो, करू द्या.

सकाळी हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशारा बघतो. तो जिल्ह्याचा असतो. लातूर पिवळं दिसलं तरी वादळ जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला औशाकडूनच निघून जाऊ शकतं. म्हणून दुपारी बारानंतर हैदराबादच्या रडारचं चित्र उघडतो. त्यावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असली तर साडेपाच तास मिळवायचे, १० म्हणजे आपले साडेतीन. आमचा एक पोरगा ‘चित्र सकाळचंच आहे’ म्हणत निवांत बसला होता.

वीस मिनिटांच्या अंतरानं दोन चित्रं बघा. लाल-पिवळा डाग, म्हणजे जोराच्या पावसाचा ढग, १० किलोमीटर सरकला, तर वेग ताशी ३०. तो आपल्याकडंच येत असेल आणि ४० किलोमीटरवर असेल, तर हाताशी ८० मिनिटं. पण वारा पावसाच्या पुढं धावतो, म्हणून मी ५० च धरतो. म्हणजे नवा पत्रा काढायचा नाही, उघडं आहे तेवढं झाकायचं, सुटे पत्रे खाली उतरवून दोरानं बांधायचे.

रडार उदगीरपासून साधारण १८० किलोमीटर लांब. पृथ्वीच्या गोलाईमुळं त्याचा किरण इथवर येता येता तीन किलोमीटरहून वर गेलेला असतो, बुटका ढग त्याला दिसत नाही. शिवाय वळवाचा ढग डोक्यावरच तासाभरात फुगतो. त्यामुळं चित्र कोरं असलं तरी एक माणूस मावळतीकडं बघत ठेवायचा.

विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे, पण छपरावर कान जास्त कामाचे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पाना टाकून खाली या, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शिडीला हात लावायचा नाही. आणि मग चढायचं तेही पत्रा सुकल्यावर, ओल्या पत्र्यावर पाय ठरत नाही.